लहान मुलांमधील फायमोसिस : वाढ कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो

शिश्नाच्या टोकावरील कातडी, म्हणजे अग्रत्वचा, मागे सरकत नाही आणि त्यामुळे आतले शिश्नमुंड उघडे होऊ शकत नाही, अशा स्थितीला फायमोसिस म्हणतात. व्याख्या एका वाक्यात मावणारी असली तरी तिच्यात दोन अगदी भिन्न अवस्था सामावलेल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक मुलाला जन्मतः असणारी आणि वाढीच्या ओघात आपोआप संपणारी नैसर्गिक अवस्था ही पहिली होय, तर आजारामुळे किंवा इजेमुळे कातडीच्या तोंडाशी व्रण होऊन, तो भाग तंतुमय व कठीण बनून आकसल्यामुळे उद्भवणारी विकृती ही दुसरी होय. पहिलीला कोणताही उपचार लागत नाही, दुसरीला उपचारावाचून पर्याय नसतो. गेल्या पाऊणशे वर्षांतील संशोधन वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती अशी की या दोन अवस्थांची गल्लत झाल्यामुळे असंख्य निरोगी मुले शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली, आणि ज्या थोड्या मुलांना खरोखरच आजार होता ती मात्र त्या गर्दीत अनेकदा उशिरा ओळखली गेली.

ही गल्लत का होते हे समजण्यासाठी गर्भावस्थेपासून सुरुवात करावी लागते. गर्भाच्या साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास शिश्नाच्या टोकामागे त्वचेची एक घडी उमटू लागते आणि ती पुढे वाढत जाऊन सोळाव्या आठवड्याच्या आसपास शिश्नमुंड पूर्ण झाकून टाकते. या टप्प्यावर कातडीचा आतला थर आणि शिश्नमुंडाचा पृष्ठभाग हे दोन वेगळे पदर नसतातच, तर दोघांमध्ये पेशींचा एकच सलग थर असतो. हा थर दुभंगण्याची क्रिया गर्भाच्या अखेरच्या महिन्यांत सुरू होते. मधल्या पेशी जागोजागी झडतात, त्या झडलेल्या पेशींचे लहान लहान पुंजके बनतात, पुंजक्यांभोवती पोकळ्या तयार होतात आणि अशा पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की दोन पृष्ठभाग सुटे होतात. जन्माच्या वेळी हे काम फार थोडे झालेले असते आणि ते पुरे व्हायला काही महिन्यांपासून कित्येक वर्षांपर्यंत कितीही काळ लागू शकतो. त्याच्या जोडीला कातडीचे पुढचे तोंडही लहान मुलांत अरुंद असते आणि ते वयाबरोबर, अधूनमधून होणाऱ्या नैसर्गिक ताठरतेमुळे आणि पौगंडावस्थेतील संप्रेरकांच्या प्रभावामुळे सैल होत जाते. म्हणजे कातडी मागे न सरकण्याची दोन स्वतंत्र कारणे लहान मुलात एकाच वेळी हजर असतात, एक चिकटलेपण आणि दुसरे तोंडाचे अरुंदपण. आणि दोन्ही वाढीचाच भाग आहेत.

ही वाढ कोणत्या वयात किती झालेली असते, याची पहिली पद्धतशीर मोजणी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका लेखात मांडली. नवजात मुलांपैकी केवळ ४ टक्क्यांमध्ये कातडी पूर्ण मागे जाते, एक वर्षाच्या सुमारास हे प्रमाण निम्म्यापर्यंत पोचते आणि तीन वर्षांपर्यंत ते सुमारे ९० टक्के होते, असे त्यांना आढळले. त्याच लेखात त्यांनी आणखी एक हिशेब मांडला होता, की इंग्लंड आणि वेल्समध्ये सुंतेशी संबंधित मृत्यूंची पाच वर्षांखालील मुलांमधील संख्या वर्षाला सुमारे १६ इतकी होती. ज्या शस्त्रक्रियेची बहुतेकांना गरजच नव्हती तिच्यापायी मुले दगावत होती, हे त्यातून उघड झाले. आणि त्यानंतरच्या काळात ब्रिटनमधील सरसकट सुंतेचे प्रमाण झपाट्याने उतरले. गेर्डनर यांचे हे काम बालवैद्यकाच्या इतिहासात मोलाचे मानले पाहिजे. तरीही त्यांच्या आकड्यांत एक दोष होता आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. चिकटलेली कातडी त्यांनी काही मुलांत बोथट सळईने सुटी करून पाहिली होती, त्यामुळे निसर्गाने स्वतःहून जे काम कितीतरी नंतर केले असते ते त्यांच्या तक्त्यात लवकर झालेले दिसले. ‘तीन वर्षांपर्यंत ९० टक्के’ हा आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आणि चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे गेली नाही की त्याला आजार आहे, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना वाटत राहिले.

ती चूक दुरुस्त करणारा अभ्यास डेन्मार्कमधून आला. याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी करून, कोणाचीही कातडी बळाने न ओढता, ९,५०० हून अधिक निरीक्षणे नोंदवली आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ६३ टक्क्यांत कातडी कुठे ना कुठे शिश्नमुंडाला चिकटलेली होती आणि सोळा-सतरा वर्षांपर्यंत हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले. अरुंद तोंडाचे, म्हणजे फायमोसिसचे, प्रमाण याच वयांत ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर उतरले. जपानमधील ६०३ मुलांच्या १९९६ च्या अभ्यासात हाच प्रवास आणखी सावकाश दिसला : तोंडाशी घट्ट कडे असलेल्या मुलांचे प्रमाण सहा महिन्यांच्या वयात ८४ टक्के, तीन वर्षांच्या वयात ४० टक्के आणि अकरा ते पंधरा या वयात साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते, आणि या शेवटच्या गटातही कातडी पूर्ण मागे जाणारी मुले ६३ टक्केच होती. २००५ मध्ये डेन्मार्कमधील तरुणांना, कातडी प्रथम पूर्ण मागे कधी गेली, असे विचारले असता सरासरी उत्तर १०.४ वर्षे आले. अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या असल्याने त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण दिशा एकच आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाची कातडी मागे न जाणे ही अपवादात्मक गोष्ट नसून अनेक मुलांच्या वाट्याला येणारी साधी स्थिती आहे, आणि केवळ वयाच्या आधारावर आजाराचे निदान करता येत नाही.

या वाढीच्या काळात काही गोष्टी अशा घडतात की त्या पाहून आईवडील धास्तावतात. लघवी करताना कातडीचे टोक फुग्यासारखे फुगते आणि मग धार लागते, ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. आतले पदर सुटू लागले असतील आणि तोंड मात्र अजून अरुंद असेल, तर लघवी क्षणभर त्या पोकळीत साठते. मूत्रप्रवाहाचा वेग आणि लघवीनंतर मूत्राशयात उरणारे मूत्र मोजून केलेल्या अभ्यासांत अशा फुगण्यामुळे मूत्रमार्गाला अडथळा होत असल्याचे आढळलेले नाही, आणि बहुतेक मुलांत ते काही महिन्यांत थांबते. दुसरी तक्रार कातडीखाली दिसणाऱ्या पिवळट-पांढऱ्या गोळ्यांची असते. झडलेल्या पेशी आणि त्वचेतील स्राव यांचे मिश्रण म्हणजे स्मेग्मा. तो साठून तयार झालेले हे पुंजके पू किंवा गाठ समजले जातात आणि त्यापायी मुलांना प्रतिजैविकेही दिली जातात, वास्तविक ते कातडी सुटत असल्याचे लक्षण असते आणि वाट मोकळी झाली की आपोआप बाहेर पडतात. अधूनमधून टोकाशी थोडी लाली येणे, लघवी करताना क्षणभर जळजळणे, हेही ओल्या लंगोटामुळे वा डायपरमुळे होऊ शकते आणि कोरडेपणा व कोमट पाण्याच्या शेकाने बरे होते.

महाराष्ट्रात आणि भारताच्या अनेक भागांत या वाढीत हस्तक्षेप करणारी एक घरगुती चाल आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, कधी आजी, तर कधी डॉक्टरच्या सांगण्यावरून आईदेखील, रोज आंघोळीच्या वेळी बाळाची कातडी मागे ओढते, तेलाचे थेंब सोडते आणि ‘मोकळी’ करण्याचा प्रयत्न करते. हेतू काळजीचाच असतो. परिणाम मात्र उलट होतो, कारण अजून न सुटलेले पदर ओढून वेगळे केले की तेथे बारीक चिरा पडतात, रक्त येते, आणि जखमा भरताना जी तंतुमय ऊती तयार होते ती मूळच्या लवचीक तोंडाला कठीण कड्यात बदलू शकते. नैसर्गिक अवस्थेचे खऱ्या फायमोसिसमध्ये रूपांतर करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. शिवाय दुखण्याच्या भीतीने मूल लघवी रोखून धरते, अंगाला हात लावू देत नाही, आणि पुढे डॉक्टरने तपासणेही अवघड होऊन बसते. बाळाच्या अग्रत्वचेची निगा बाहेरून पाण्याने धुण्यापुरतीच असावी, याबाबत जगभरातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांत एकमत आहे. अमेरिकेसारख्या सुंता रूढ असलेल्या देशातील संघटनाही ही कातडी बळाने ओढू नये असेच सांगतात.

या संदर्भात सुश्रुतसंहितेचा उल्लेख केवळ अभिमानापोटी नव्हे तर आशयासाठी करावा लागतो. निदानस्थानातील क्षुद्ररोगांच्या अध्यायात या अवयवाच्या तीन विकारांची वेगवेगळी नोंद आहे : तोंड आकसून मूत्राची धार बारीक होणारा ‘निरुद्धप्रकश’, मागे गेलेली कातडी मुंडामागे गाठीसारखी अडकून राहणारी ‘परिवर्तिका’, आणि कातडी फाटल्याने होणारी ‘अवपाटिका’, जिच्या कारणांत कातडी बळाने मागे ओढण्याचाही समावेश आहे. निरुद्धप्रकशावर चिकित्सास्थानात सांगितलेला उपाय असा की दोन्ही टोकांनी मोकळी असलेली धातूची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून आत सारावी आणि तीन-तीन दिवसांनी अधिकाधिक जाड नळी वापरून तोंड क्रमाक्रमाने रुंद करावे. स्नेहन करून, सावकाश आणि टप्प्याटप्प्याने ताण देण्याचे हे तत्त्व आजच्या मलम-उपचाराशी बरेच जुळते; नळ्या घालण्याचा प्रयोग मात्र आज लहान मुलांवर कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नको. ओढाताणीतून होणारी इजा आणि मूळ अरुंदपण यांना त्या ग्रंथाने स्वतंत्र स्थान दिले, ही दृष्टी आजच्या अनेक केसपेपरांवरील एकशब्दी निदानापेक्षा अधिक बारकाईची आहे.

खरा, म्हणजे विकृत, फायमोसिस मुलांमध्ये प्रामुख्याने एका आजारामुळे होतो. त्याचे जुने नाव बॅलनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स असून आता तो लायकेन स्क्लेरोसस या व्यापक त्वचारोगाचा एक प्रकार मानला जातो. त्यात त्वचेचा वरचा थर जाड होतो, खालच्या थरातील कोलॅजनचे तंतू एकजीव होऊन लवचीकपणा हरवतात, आणि बाहेरून पाहता टोकाशी पांढरट, निबर, भेगाळलेले कडे दिसू लागते. त्याचे नेमके कारण अद्याप निश्चित झालेले नाही, मात्र रोगप्रतिकार यंत्रणेतील बिघाड आणि लघवीच्या ओलाव्याचा दीर्घ संपर्क यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. पाच वर्षांखालील मुलांत तो विरळाच असतो आणि नऊ ते अकरा या वयात सर्वाधिक आढळतो. इंग्लंडमधील बालशल्यचिकित्सक रिकवुड यांनी १९८० पासून दोन दशके या प्रश्नाचा पाठपुरावा केला. व्रण असलेले कडे हीच खऱ्या फायमोसिसची खूण मानावी, हा त्यांचा आग्रह होता, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गणनेनुसार पंधराव्या वाढदिवसापर्यंत मुलांपैकी जेमतेम ०.६ टक्क्यांना हा आजार होतो. प्रत्यक्षात फायमोसिस या निदानाखाली होणाऱ्या सुंतांची संख्या इंग्लंडमध्येही याहून कितीतरी पटींनी अधिक होती. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच अनावश्यक शस्त्रक्रियांचे माप होय, आणि ते कमी करण्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची नव्हे, तर डोळसपणे पाहण्याची गरज असते.

तपासणीत काय पाहायचे, हे सांगणे अवघड नाही. कातडी मागे ढकलण्याऐवजी ती दोन बोटांनी हलकेच पुढे, म्हणजे तपासणाऱ्याच्या दिशेने ओढून तोंड पाहिले, तर नैसर्गिक अवस्थेत ते कमळाच्या कळीसारखे उमलते आणि आतला गुलाबी, मऊ थर बाहेर डोकावतो. विकृत अवस्थेत तोंड न उमलता एक कठीण पांढरे कडे तसेच राहते आणि आतील थर दिसत नाही. त्याच्या जोडीला इतिहास विचारावा लागतो. पूर्वी मागे जाणारी कातडी आता जाईनाशी झाली आहे का, लघवीची धार दिवसेंदिवस बारीक होत आहे का, जोर करावा लागतो का, रक्त येते का, ही उत्तरे निदानाला वळण देतात. जन्मापासून कधीच मागे न गेलेली कातडी आणि मागे जात असताना नंतर आवळलेली कातडी यांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात आजाराची शक्यता नेहमी धरावी. धार फार क्षीण असेल किंवा मूल थेंब थेंब लघवी करत असेल, तर दोष कातडीतच आहे असे गृहीत धरून चालत नाही, कारण मूत्रमार्गाच्या आत जन्मतः असणाऱ्या पडद्यांसारखे गंभीर दोषही असेच दिसतात आणि त्यांसाठी सोनोग्राफी व मूत्ररोगतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो.

संसर्गाचा मुद्दा याच जागी येतो. कातडी आणि शिश्नमुंड यांना सूज येऊन लाली, वेदना व पू होणे, म्हणजे बॅलनोपोस्थायटिस, हा विकार काही टक्के मुलांना बालपणात कधीतरी होतो, बहुधा दोन ते पाच या वयात, आणि तो एखाद्या वेळी झाला म्हणून सुंतेचा निर्णय घेणे समर्थनीय नाही. मिठाच्या कोमट पाण्यात बसवणे, स्थानिक मलम आणि गरजेनुसार प्रतिजैविक एवढ्यावर तो आटोपतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे गणित अधिक सूक्ष्म आहे. सुंतेमुळे हा संसर्ग कमी होतो हे खरे आहे, परंतु निरोगी मुलांत मुळातच त्याची शक्यता सुमारे १ टक्का असल्याने, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाप्रमाणे, एक संसर्ग टाळण्यासाठी १११ मुलांची सुंता करावी लागते. ज्यांना वारंवार संसर्ग होतो त्यांच्या बाबतीत हाच आकडा ११ वर येतो आणि ज्यांच्यात मूत्र मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे तीव्र प्रमाणात उलटे चढते त्यांच्यात ४ वर. म्हणजे एकच शस्त्रक्रिया एका मुलासाठी निरर्थक आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंड वाचवणारी ठरू शकते. सरसकट नियमाऐवजी त्या विशिष्ट मुलाची मूत्रसंस्था पाहून निर्णय घेण्याचे समर्थन याहून ठोसपणे करता येणार नाही.

उपचारांच्या इतिहासातील खरे वळण १९९० च्या दशकाच्या आरंभी आले. ऑस्ट्रेलिया आणि स्कँडिनेव्हियातील डॉक्टरांनी अरुंद कड्यावर स्टिरॉइड असलेले मलम काही आठवडे लावून पाहिले आणि बहुसंख्य मुलांत शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. स्टिरॉइड दाह कमी करते, त्वचेतील कोलॅजनची निर्मिती मंदावते आणि कडे पातळ व लवचीक बनवते. पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध सर्व चाचण्यांची कसोशीने छाननी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात, १२ चाचण्या आणि १,३९५ मुलांची माहिती एकत्र करून हे मलम परिणामकारक असल्याचा आणि गंभीर दुष्परिणाम आढळले नसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. बहुतेक अहवालांत यशाचे प्रमाण ७० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान आहे. वापरायची पद्धत मात्र नीट समजावून द्यावी लागते, कारण अपयशाची बरीचशी कारणे तिच्यातच दडलेली असतात. बीटामेथासोनसारखे मलम मटाराच्या दाण्यापेक्षाही कमी घेऊन, कातडी दुखणार नाही इतकीच मागे धरून, दिसणाऱ्या घट्ट कड्यावरच दिवसातून दोनदा लावायचे आणि हे चार ते आठ आठवडे न चुकता करायचे असते. टोकावर वरवर चोळलेले मलम अरुंद भागापर्यंत पोचत नाही. कडे सैल झाल्यावर रोजच्या आंघोळीत कातडी हलकेच मागे घेऊन पुन्हा जागेवर आणण्याची सवय राहिली नाही, तर काही मुलांत ते पुन्हा आवळते आणि उपचाराची दुसरी फेरी करावी लागते. हे सारे नैसर्गिक अवस्थेतल्या प्रत्येक मुलाला द्यायचे नसते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वाढत्या वयातही कडे घट्ट असलेल्या, त्रास होत असलेल्या किंवा संसर्गाचा धोका असलेल्या मुलांसाठी ते आहे.

भारतात या उपचाराला एक वेगळी सावधगिरी जोडावी लागते. औषधाच्या दुकानातून कोणीही सहज उचलून आणतो अशी, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे येथे घरोघरी असतात आणि त्यांच्या बेछूट वापराने त्वचेचे झालेले नुकसान त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने वरून लावायच्या अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या सूचीत आणले. फायमोसिसवरचा मलम-उपचार सुरक्षित आहे तो ठरावीक औषध, ठरावीक जागा आणि ठरावीक मुदत यांच्या चौकटीत. शेजारच्या मुलाला गुण आला म्हणून तीच ट्यूब आणून महिनोन्महिने चोळणे हा त्याचा अर्थ नाही.

शस्त्रक्रिया मग कोणासाठी उरते? लायकेन स्क्लेरोससमुळे कडे निबर झालेल्या मुलांसाठी ती मुख्य उपचार आहे, आणि तेथे बहुधा पूर्ण सुंताच करावी लागते, कारण आजारी त्वचा मागे ठेवली तर तो परत येतो. काढलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवणे आणि पुढे काही काळ मूत्रछिद्रावर लक्ष ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. हा आजार शिश्नमुंडावर आणि मूत्रछिद्रावरही पसरू शकतो व छिद्र अरुंद करू शकतो. वारंवार होणारा दाह, मूत्रसंस्थेतील दोषांसह येणारे संसर्ग, मलमाला दाद न देणारे आणि खरोखर त्रास देणारे कडे, ही इतर कारणे होत. जिथे व्रणाचा आजार नाही आणि केवळ कडे घट्ट आहे, तिथे कातडी न काढता तोंड रुंद करणारी प्रेप्युशिओप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया करता येते. तिच्यात कड्यावर उभी चीर देऊन ती आडवी शिवली जाते आणि त्यामुळे परीघ वाढतो. भारतीय पालकांना हा पर्याय फारसा सांगितलाच जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सुंता ही साधी शस्त्रक्रिया मानली जाते आणि कुशल हातांत ती बऱ्याच अंशी सुरक्षित असतेही, तरी रक्तस्राव, संसर्ग, गरजेपेक्षा जास्त किंवा कमी कातडी काढली जाणे आणि कालांतराने मूत्रछिद्र आकसणे हे तिचे ज्ञात धोके आहेत, शिवाय लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते हा भाग वेगळाच. काही मुलांत ती करूच नये. मूत्रछिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असण्याचा जन्मजात दोष, म्हणजे हायपोस्पेडिअस, किंवा शिश्न चरबीत दडलेले असणे, यांच्या दुरुस्तीसाठी हीच कातडी पुढे वापरावी लागते. ती आधीच कापून टाकली तर शल्यचिकित्सकाच्या हाती दुरुस्तीसाठी साधनच उरत नाही. घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार असेल तर त्याची आधी चौकशी हवी. एकोणिसाव्या शतकात या शस्त्रक्रियेचा पाश्चात्त्य देशांत जो प्रसार झाला, त्याची मुळे अशा चिकित्सक विचारात नव्हती. न्यूयॉर्कचे लुइस सेअर यांनी १८७० मध्ये आवळलेल्या अग्रत्वचेला पक्षाघाताचे कारण ठरवून एका मुलाची सुंता केली आणि त्यानंतर फिट्सपासून नितंबाच्या सांध्याच्या विकारांपर्यंत अनेक रोगांचे खापर फायमोसिसवर फोडले गेले. फायमोसिसच्या निदानाला त्या काळात जी अवास्तव सूज आली, ती उतरायला पुढे शंभर वर्षे लागली.

धर्माच्या आज्ञेने होणारी सुंता हा या आढाव्याच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. मुस्लिम कुटुंबांत आणि कोकणातील बेने इस्राएल समाजात, ज्याने शतकानुशतके इतर ज्यू समाजांपासून दूर राहूनही हा विधी जपला, तिचा अर्थ वैद्यकीय नसतो आणि तिला फायमोसिसचे निदान जोडण्याची गरजही नसते. डॉक्टरचे काम एवढेच, की विधीपूर्वी मुलाला हायपोस्पेडिअस किंवा रक्तस्रावाचा विकार नाही याची खात्री करावी आणि निर्जंतुक साधने व वेदनाशमन यांचा आग्रह धरावा. आफ्रिकेतील चाचण्यांत प्रौढ पुरुषांच्या सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे २००५ ते २००७ या काळात सिद्ध झाले, तो आधार अनेकदा लहान मुलांच्या फायमोसिसच्या चर्चेत ओढून आणला जातो. परंतु ते प्रौढांचे, उच्च प्रादुर्भावाच्या प्रदेशातले प्रश्न आहेत आणि चार वर्षांच्या मुलाच्या न सुटलेल्या कातडीशी त्यांचा संबंध नाही. शिश्नाच्या कर्करोगाचे तसेच आहे : प्रौढपणी टिकून राहिलेला फायमोसिस हे त्याचे एक जोखीमकारक आहे, म्हणून प्रौढाने तो अंगावर काढू नये, हे योग्य, पण बालपणीच्या नैसर्गिक अवस्थेवर शस्त्रक्रिया करण्याचे ते कारण होत नाही.

एका स्थितीला मात्र थांबायला वेळ नसतो. मागे घेतलेली कातडी पुन्हा पुढे आणली गेली नाही आणि तिचे घट्ट कडे शिश्नमुंडामागे अडकले, तर रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन काही तासांतच टोक सुजते, निळसर पडते आणि मूल कळवळते. हा पॅराफायमोसिस होय, आणि तो बहुधा तपासताना, लघवीची नळी घालताना किंवा धुताना मागे घेतलेली कातडी विसरल्यामुळे घडतो, म्हणजे मोठ्यांच्याच हातून. सुजलेला भाग काही मिनिटे मुठीत हळूहळू दाबून सूज उतरवली की बहुतेक वेळा कातडी पुढे आणता येते. थंड पट्ट्या किंवा सूज शोषून घेण्यासाठी साखरेचा लेप यांचीही मदत होते, आणि ते साधले नाही तर रुग्णालयात कडे छेदावे लागते. घरी तासन्‌तास वाट पाहिली तर टोकाचा रक्तपुरवठाच तुटण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न आता शासकीय व्यवस्थेशीही जोडला गेला आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाड्या आणि शाळांमधील मुलांची तपासणी होऊ लागली, हृदयदोषांपासून तिरळेपणापर्यंत अनेक आजार वेळेवर हाती लागले आणि गरीब घरांतील मुलांना मोफत शस्त्रक्रिया मिळाल्या. हे काम निःसंशय मोठे आहे. जिल्हा रुग्णालयांत भरणाऱ्या शस्त्रक्रिया शिबिरांच्या यादीत हर्निया, हायड्रोसील यांच्या शेजारी फायमोसिसही असतो, आणि नेमके तेथेच अधिक काळजी हवी. हर्निया आपोआप बरा होत नाही, न सुटलेली कातडी मात्र बहुतेक मुलांत आपोआप सुटते. दोघांना एकाच रांगेत उभे करता येत नाही. शाळेच्या वर्गात, घाईच्या तपासणीत ‘कातडी मागे जात नाही’ एवढ्या नोंदीवर पाच वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या यादीत टाकण्यापूर्वी, त्याच्या कार्डावर कडे पांढरे व निबर आहे की मऊ, लघवीचा त्रास आहे की नाही, आणि मलम-उपचार पूर्ण मुदतीपर्यंत करून पाहिला की नाही, या तीन गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. त्या लिहिल्या गेल्या तर यादीतली बरीच नावे गळून पडतील आणि वाचलेला भूलतज्ज्ञाचा वेळ ज्यांना त्याची खरी गरज आहे त्या मुलांना मिळेल.

वयात येणाऱ्या मुलांकडे या सर्व चर्चेत सहसा दुर्लक्ष होते. ऑस्टर यांच्या आकड्यांतील जो एक टक्का सोळा-सतराव्या वर्षीही उरतो, तो आपल्याकडे बोलत नाही. लाजेपोटी तो मुलगा वेदना लपवतो, आणि कित्येकदा लग्न ठरल्यावर प्रथमच डॉक्टरकडे येतो. या वयात मलमाचा उपयोग अजूनही होतो, आणि शस्त्रक्रिया करायचीच तर ती मोठ्या मुलात स्थानिक भुलेखालीही करता येते. त्याआधी, बारा-तेराव्या वर्षाच्या सुमारास, वडिलांनी, थोरल्या भावाने किंवा शाळेत तपासायला आलेल्या डॉक्टरने मुलाला आडपडदा न ठेवता सांगावे की आंघोळीच्या वेळी कातडी जाईल तेवढीच मागे घ्यायची, साध्या पाण्याने धुवायचे, लगेच पुढे आणायची, आणि दुखत असेल किंवा पांढरे कडे दिसत असेल तर ते घरात सांगायचे.